शामाचा हेमकांत आणि त्याचे दोन आवाज

आमच्या धंद्याला धड नाव नाही, ही माझी जुनी तक्रार. रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा लोक रेडिओवाला म्हणायचे. टेपरेकॉर्डर आले, मी टेपवाला झालो. आता वाशीमच्या जुन्या बसस्टँडमागच्या दुकानात मी जुन्या कॅसेटींवरचा, तबकड्यांवरचा आवाज काढून पेनड्राइव्हमध्ये भरून देतो, तर याला काय म्हणायचं ते कोणालाच माहीत नाही. बायको म्हणते, "शेजारीण इचारते, तुमचे मालक काय करतात? काय सांगू तिले, आवाज धुतात म्हनून सांगू?" मी म्हटलं, सांग. खोटं थोडीच आहे!

धुणंच आहे ते. जुन्या आवाजावर खरखर, टकटक, घरघर असं बरंच काही बसलेलं असतं. ते काढायचं आणि खालचा आवाज मात्र जसाच्या तसा ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण घाण कोणती आणि आवाज कोणता, हे ठरवायचं कोणी? केनवडचा एक जण वडिलांच्या कीर्तनाची कॅसेट घेऊन आला होता. मध्ये मध्ये कुत्रं भुंकतं, तेवढं काढून द्या म्हणाला. कीर्तनातून कुत्रं काढणं म्हणजे वरणातून मीठ काढण्याची गोष्ट, पण मी मान मोडेपर्यंत बसून काढलं. मग त्याचा मोठा भाऊ तरातरा दुकानात आला. "आमचा मोत्या काहून काढला तुमी? कोनाले इचारून काढला? बुवाच्या मागंमागं राहे तो जल्मभर!" म्हणजे एका भावाची घाण ती दुसऱ्या भावाचा मोत्या. मी कपाळावर हात मारला आणि कुत्रं परत टाकून दिलं.

असे गोंधळ या धंद्यात होतातच, सवय झाली आहे. पण किन्हीराजाच्या तबकडीनं जो गोंधळ घातला, त्यातून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला उलगडा झाला तर मला जरूर सांगावं.

शीलाबाई नावाची एक बाई दुकानात आली. पन्नाशीची, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. किन्हीराजाला तिची वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबिरीची वाडी आहे. सासूच्या कानाच्या मशीनला सेल घ्यायला ती वाशीमला आली होती. तिनं पिशवीतून आधी वांगी काढून माझ्या काउंटरवर ठेवली, मग सांभाराची जुडी काढली आणि सगळ्यांत खालून लुगड्यात गुंडाळलेली तबकडी काढली.

"अवो बाई," मी ओरडलो, "तबकडी आहे ती! लाखेची असते. वांग्याखाली ठेवता तुम्ही? फुटली असती म्हणजे?"

"फुटली नाही न? मंग कायले वरडता?" ती शांतपणे म्हणाली. "माया सासूच्या बापाचं गानं हाय हे. तिले ऐकाचं हाय. कानात मशीन घातलं का अजून जरासक ऐकू येते तिले. डाक्टर म्हनते, तेबी लवकरच बंद होईन."

मी लुगडं सोडलं आणि बघतच राहिलो. तबकडीच्या मधला कागद, ज्यावर गाण्याचं नाव, गायकाचं नाव असतं, तो जवळजवळ पूर्ण लालभडक. कुंकवाचा थरच्या थर. कुंकू तिथंच थांबलं नव्हतं, बोटाबोटानं पसरत गाण्याच्या रेघांत जाऊन बसलं होतं. चाळीसेक वर्षांच्या धंद्यात मी तबकडीवर तेल पाहिलंय, चहा पाहिलाय, पोरांनी खिळ्यानं काढलेली चित्रं पाहिलीत. कुंकू पहिल्यांदाच पाहत होतो.

शीलाबाईनं सांगितलं ते असं. सासूचं नाव पार्वताबाई. तिचा बाप शामा. शामा भजनात गायचा, गळा गोड. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीनं तो गळा ऐकला आणि पोराला फूस लावून नेलं. तिथून तो बोलपटात गेला आणि शामाचा हेमकांत झाला. मास्टर हेमकांत. पार्वताबाई तेव्हा पाळण्यात. पुढं एकदाच त्याच्याकडून एक पेटी आली, तिच्यात फोनो, म्हणजे तबकडी वाजवायचा बाजा, आणि ही एक तबकडी. पत्र नाही, पत्ता नाही. नंतर माणूसही आला नाही आणि त्याची खबरही आली नाही. तो जिता आहे की मेला, हेच कळेना, तेव्हा पार्वताबाईची आई रोज सकाळी आधी तबकडीला कुंकू लावायची आणि मग स्वतःला. असं तिनं मरेपर्यंत केलं.

"गावात लोकं तिले टाकलेली म्हनत," शीलाबाई म्हणाली. "आन् माया सासूले राजकन्या. चिडवाले. तबकडीवर राजपुत्र म्हनून लिवलेलं हाय न, म्हनून. बाप सिनेमात गेला हे खरंच नाही वाटत कोनाले. बुढी म्हनते, एकडाव त्याचा आवाज ऐकतो आन् त्याले तोंडावर शिव्या देतो. मंग मराले मोकळी."

मी म्हटलं, ठीक आहे, कुंकू पुसून साफ करतो, मग लावून बघू.

तर ती बाई ताडकन उभी राहिली. "भाऊ! पुसाचं नाव काहाडू नका. बुढीनं सांगून धाडलं, धुवा का काय कराचं ते करा, पन मायच्या कुंकवाले हात लावू नका."

कुंकू पुसणं म्हणजे आपल्याकडं काय, ते मला सांगायची गरज नव्हती. शेवटी आमचा समझोता झाला. मधल्या कागदावरचं कुंकू तसंच राहील, मी फक्त रेघांत शिरलेलं काढीन. मधल्या भागावर मी डब्याचं झाकण ठेवून कडेनं मेण लावलं आणि कोमट पाण्याच्या थेंबाथेंबानं, मऊ ब्रशनं एकेक रेघ धुतली. स्पिरिट वापरलं असतं तर काम झटक्यात झालं असतं, पण स्पिरिटमध्ये लाख विरघळते, गाणंच वाहून गेलं असतं. पाणी लाल व्हायचं, मी बदलायचो. बायको दारातून बघून गेली आणि ताजं पाणी आणून ठेवून गेली.

पण या समझोत्यानं पंचाईत अशी झाली की गायकाचं नाव कुंकवाखालीच राहिलं. कडेला तेवढा 'राजपुत्र' हा शब्द दिसत होता. ही तबकडी हेमकांतची, याला पुरावा काय? फक्त एका म्हातारीचा शब्द. म्हणून मी अमरावतीच्या वानखडे सरांना फोन लावला. सर निवृत्त शिक्षक, घरात झोपायला जागा नाही इतक्या तबकड्या. त्यांना फोनवरच गाणं ऐकवलं. तुरुंगात पडलेला कोणी राजपुत्र चंद्राशी बोलतो, असं काहीसं गाणं. आवाज कोवळा, उंच पट्टीतला, टोकाला किंचित कापणारा. मला आवडला बुवा.

"अहो, हा चित्रपट माहीत आहे मला," सर खुश झाले. "राजपुत्राचं काम हेमकांतनंच केलं होतं. त्या काळी पुष्कळदा तबकडीवर गाणाऱ्याचं नावच नसायचं, पात्राचं नाव छापायचे. लोक दुकानात जाऊन राजपुत्राचं गाणं द्या म्हणून मागायचे."

मग त्यांनी हेमकांतचं सगळं आयुष्य सांगितलं. ते ऐकून मी जास्तच गोंधळलो. गाता येतं म्हणून विशीतच नायक झाला, चारपाच बोलपट चालले. नायकानं स्वतःच गायचं, असा तो काळ. मग पार्श्वगायन आलं. आता चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा चालू लागला. निर्मात्यांना हेमकांतचा चेहरा पाहिजे होता, गळा नको होता. एका चित्रपटात त्याला दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलवायला लावले तर तो म्हणे सारखा चुकायचा, मध्येच स्वतःच गायला लागायचा. पुढं भालदार, साधू असली कामं आणि मग तीही नाहीत. शेवट कुठं झाला? सर म्हणाले, कोणी म्हणतं कोल्हापुरात वारला, कोणी म्हणतं इंदूरला पेटी शिकवायचा. त्यांच्याकडं हेमकांत म्हणून दोन फोटो आहेत आणि दोन्हीत माणसं वेगळी.

"आणि प्रल्हादराव, खरी गोम पुढंच आहे," सर म्हणाले. "पडद्यावर हेमकांत गायला, हे नक्की. पण तबकडीसाठी गाणं पुन्हा गायचे. नट दुसऱ्या कंपनीला बांधलेला असला तर तबकडीवर भलताच कोणी गायचा. तेव्हा तुमच्या हातातला आवाज हेमकांतचाच, असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

घ्या! म्हणजे तिकडं एक म्हातारी बापाला शिव्या द्यायला टपून बसलेली आणि इकडं तो बाप आहे की भलताच कोणी, याचाच पत्ता नाही. मी शीलाबाईला फोनवर काहीच बोललो नाही. मोटरसायकलच्या मागं यंत्र बांधलं, तबकडी उशीच्या खोळीत घालून पोटाशी बांधली आणि किन्हीराजाला निघालो.

घर रस्त्यालगतच होतं. पुढच्या खोलीत ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, एका भिंतीशी बाज आणि बाजेवर पार्वताबाई. अंगानं काटकुळी, पण आवाज ठणठणीत. भिंतीवर हार घातलेला एक फोटो, शीलाबाईच्या नवऱ्याचा, म्हणजे म्हातारीच्या एकुलत्या एका मुलाचा. गजानन. कोरोनात गेला.

"आनला का त्याले?" म्हातारीनं विचारलं. जणू मी पोलीस आणि चोर पकडून आणलाय.

"आनला माय," मी म्हटलं. तबकडीवरचं कुंकू तिनं आधी बोट फिरवून तपासलं, मगच मान हलवली. शीलाबाई वाडीतून आलेला सांभार मागच्या दारी निवडत होती. मी यंत्र लावलं, वेग नीट पाहिला. या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेतात. वेग जरा कमी झाला की आवाज जाडा होतो, जरा वाढला की बारीक. पिन ठेवली. खरखर थोडी, मग तो कोवळा आवाज खोलीत आला.

म्हातारीनं कानाचं मशीन हातानं दाबून धरलं. ऐकलं, पार शेवटपर्यंत. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हा माया बाप नोहे."

वानखडे सरांचं बोलणं डोक्यात घुमायला लागलं. "नीट ऐका माय. तबकडी तर तुमचीच आहे न?"

"तबकडी माही हाय. मानूस कोन आनला तुमी? माया बापाचा आवाज म्या लहानपनी हज्जारदा ऐकला. जाडा आवाज, घोगरा. सावकाश गाये. आजा-आजी वावरात गेले का माय दुपारी लपून बाजा लावे, मी मांडीवर बसून ऐको. हे कोन चिरकं पोट्टं गाऊन राह्यलं?"

सावकाश गाये, या शब्दावर मी अडकलो. "माय, तुमचा तो बाजा कसा होता?"

"कसा म्हंजे? चाबीचा. चाबी जास्त देली एकडाव चुलत भावानं, तवापासून कमानच ढिली झालती त्याची. घर्र घर्र करत फिरे बिचारा."

माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, ढिली, म्हणजे तबकडी हळू फिरायची. तबकडी हळू, म्हणजे आवाज जाडा. मी यंत्राचा वेग कमी करत गेलो, करत गेलो आणि पुन्हा पिन ठेवली. आता तोच राजपुत्र रेंगाळत, घोगऱ्या आवाजात, एखाद्या पोक्त माणसासारखा गायला लागला.

म्हातारीचं तोंडच बदललं. डोळ्यांतून धार लागली. "हाच! हाच माया बाप! मायच्या मांडीवर ऐकला तो हाच!" आणि मग खरंच तिनं शिव्या द्यायला सुरुवात केली. निलाजऱ्या म्हणाली, घरबुडव्या म्हणाली. माही माय कुंकू लावू लावू मेली आन् तू तथी राजपुत्र होऊन नाचत व्हता म्हणाली. मी मान खाली घालून बसलो होतो. त्या शिव्या अशा होत्या की मीच घर सोडून गेलो होतो असं वाटावं.

आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? तिला तिचा बाप मिळाला होता. गप्प बसून तो हळू आवाज पेनड्राइव्हमध्ये भरायचा आणि घरी यायचं, इतकं सोपं होतं. पण जो आवाज मी भरून देणार होतो, तो जगात कोणाच्याच गळ्यातून निघालेला नव्हता. तो एका ढिल्या कमानीचा आवाज होता. तो खरा कसा म्हणू? आणि तिच्या आईनं जन्मभर तोच ऐकला, त्याच्यासाठीच कुंकू लावलं, तर खोटा तरी कसा म्हणू? या धंद्यात माझं डोकं इतकं कधी फिरलं नव्हतं. शेवटी न राहवून मी सांगून टाकलं की माय, पहिला आवाज बरोबर आहे, हा बाज्याचा दोष आहे.

"म्हंजे माया मायनं काय जल्मभर खोटा नवरा ऐकला का?" म्हातारी कडाडली. "तुया मशीनचा दोष असन बापू. मायच्या बाज्याचा दोष नाही."

तेवढ्यात मागच्या दाराकडं माझं लक्ष गेलं. शीलाबाई तिथं उभी होती. हात ओले, सांभाराच्या काड्या बोटांना चिकटलेल्या. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. चेहरा पांढरा पडलेला.

"भाऊ," ती म्हणाली, "तो पयला आवाज लावा."

"बुढीला नाही आवडला तो," मी म्हटलं.

"लावा न भाऊ!"

मी वेग परत पहिल्या जागी आणला. गाणं सुरू झालं. शीलाबाई बाजेजवळ येऊन खाली बसली आणि सासूच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "माय, डोये मिटा. बाप म्हनून ऐकू नोका. नुसतं सांगा, हा आवाज कोनाचा हाय?"

"सांगतलं न, नाही माहीत मले."

"मिटा त खरं डोये."

म्हातारीनं रागारागानं डोळे मिटले. राजपुत्र चंद्राला काहीतरी विचारत होता आणि ओळीच्या टोकाला त्याचा आवाज किंचित कापत होता. म्हातारीचा हात कानावरून हळूहळू खाली आला.

"गज्या," ती म्हणाली. "आपला गज्या हाय हा."

"हौ," शीलाबाई म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "मी लगन होऊन आली तवाचा आवाज हाय. भजनात असाच गाये. आखरीले असाच थरथरे. मी सांभार निवडून राह्यली व्हती, मले वाटलं हेच आले घरात."

त्या खोलीत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी त्या गजाननला कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. वानखडे सरांनी छातीवर हात ठेवायला नकार दिला होता आणि इथं दोन बाया एका मेलेल्या माणसाच्या आवाजावरून त्याच्या आजोबाला ओळखत होत्या. शास्त्रात हे बसतं की नाही, मला माहीत नाही. पण मी त्या बायांचे चेहरे पाहिले आणि सरांना पुन्हा फोन करायचा विचार सोडून दिला.

मग म्हातारीनं मला विचारलं, "बापू, हे गानं गायलं तवा तो केवढा व्हता?"

"विशीतला, माय. बाविशीच्या आतलाच."

"बस? इतकुसाच?" ती शीलाबाईकडं वळली. "गज्या तेवढा असतानी पयाला व्हता न वं अकोल्याले? सांगतलंबी नव्हतं."

"हौ. मी नवी नवरी व्हती. हप्ताभर घरात कोनी जेवलं नाही."

"आला तवा म्या काय म्हनलं त्याले?"

"काईच नाही म्हनलं. भाकर वाढली."

म्हातारी तबकडीकडं बघत राहिली. "आन् याले म्या जल्मभर शिव्या देल्या. मले वाटे, केवढा जबर मानूस असन, समजून उमजून टाकून गेला आमाले. हे त पोट्टंच हाय वं! कोनी म्हनलं चाल, त गेलं. याले काय समजत असन?" तिनं पदरानं नाक पुसलं. "लाव बापू. पुन्ना लाव. जल्दीवालंच लाव."

मी पिन उचलून कडेला ठेवली. गाणं सुरू झालं तशी म्हातारी बाजेवरून पुढं वाकली. आमच्याकडं लहान लेकराला लाडानं 'बापा'च म्हणतात. पार्वताबाई त्या फिरत्या तबकडीला म्हणाली, "जेवला का रे बापा?"